कुंभार्लीच्या वाटेवरचा धंदा

चिपळूणहून कराडकडे निघालेली एस्. टी. शिरगाव मागे टाकून पोफळीपाशी आली की ड्रायव्हर गिअर बदलतो. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. विजेच्या तारांचे मनोरे डोंगर चढत गेलेले दिसतात, आणि नवखा उतारू शेजाऱ्याला विचारतो, "वीजघर कुठं आहे हो?" वीजघर दिसत नाही, कारण ते डोंगराच्या पोटात आहे. पलीकडच्या अंगाला अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यातून येते, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते आणि जनित्रे फिरवून वाशिष्ठीला मिळते.

आज मला सांगायचे आहे ते विजेविषयी नाही. म्हणजे अगदीच नाही असेही नाही. कायदा बदलतो, कर चढतो किंवा उतरतो, कुठे तरी दूर लढाई पेटते, आगगाडी येते, आणि एकाचा धंदा बसतो तर दुसऱ्याचा उभा राहतो. या दुसऱ्याला ते आधी कसे दिसते? कुंभार्लीच्या या एका रस्त्यावर, चिपळूणपासून कराडपर्यंत आणि थोडे पुढे, गेल्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांत ही गोष्ट इतक्या वेळा घडली आहे की तिच्यासाठी लांबचे दाखले शोधावे लागत नाहीत.

सुरुवात मिठापासून करू. घाटावर मीठ पिकत नाही, आणि कोकणात पोटापुरते धान्य पिकत नाही. म्हणून वाशिष्ठीच्या खाडीतून गलबते चिपळूणच्या गोवळकोट बंदरापर्यंत यायची आणि तिथून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवरून वर चढायची. पोफळीच्या तर नावातच पोफळ आहे. वरून धान्य, गूळ, मिरची, तंबाखू, कापूस खाली उतरायचा. या वाटेवर ठिकठिकाणी जकातीची नाकी. माल एक, पण जकात दहा ठिकाणी द्यायची. पेशवाईत हे होतेच, आणि इंग्रजांनीही आरंभी ते तसेच चालू ठेवले.

मग १८३७ साली मुंबई इलाख्यात या वाटेवरच्या जकाती उठवण्याचे ठरले. ऐकायला मोठे छान वाटते! पण सरकार एका हाताने सोडते ते दुसऱ्या हाताने घेते. जकातीची तूट भरून काढण्यासाठी त्याच कायद्याने मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. पुढे १८४४ साली तो वाढवला तेव्हा सुरतेत दंगा झाला आणि सरकारला थोडे मागे यावे लागले. आता गोवळकोटच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मीठ महाग झाले, पण मिठाखेरीज सगळ्या मालाची वाट स्वस्त झाली. नुसते मीठ नेणाऱ्याला हा कायदा जाच वाटला असणार. परतीच्या फेरीत कापूस आणि गूळ आणणाऱ्याला तो सोयीचा वाटला असणार. कायदा एकच, वाटही एकच. फरक एवढाच, की एकाचे लक्ष आपल्या गोणीत काय आहे तिकडे होते आणि दुसऱ्याचे, परत येताना गोणीत काय भरता येईल तिकडे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा सट्टा कसा माजला, प्रेमचंद रायचंदांचे नाव घरोघर कसे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो कापूस काही मुंबईत पिकत नव्हता. घाटमाथ्यावरून तो ज्या वाटांनी बंदरावर उतरला, त्यांतली एक आपली कुंभार्लीची. भाव चढताच कापसात माती, सरकी, पाणी मिसळण्याचा धंदाही तेजीत आला, आणि १८६३ साली सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला. गठ्ठे बांधणाऱ्यांना परवाना आणि गठ्ठ्यांची तपासणी. असा कायदा आला की सरळ माणसाने खरे तर खूश व्हायला हवे, कारण चोख माल देणाऱ्याला सरकार फुकटात साक्षीदार मिळवून देते. आपल्याकडे मात्र परवान्याचे नाव काढले की सरळ माणूसच आधी कपाळाला हात लावतो!

१८६५ साली तिकडे युद्ध संपले आणि इकडे बाजार कोसळला. तरीही चिपळूणची पेठ पुढची वीसेक वर्षे जिल्ह्यातली मोठी पेठ म्हणून नांदली. तिला खरा धक्का बसला तो आगगाडीचा. पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरज, बेळगाव, लोंढा हा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. कराडला स्टेशन आले. कराडचा गूळ आता घाट उतरून, गलबतात बसून, वारा पडेल तसा मुंबईला कशाला जाईल? तो डब्यात बसला. घाटमाथ्याच्या व्यापाराने चिपळूणकडे पाठ फिरवली. कोकणातल्या माणसाने काय केले? बहुतेकांनी गाठोडे बांधले आणि आगबोट धरली. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना जागा होती. माणसे निर्यात करण्याचा हा धंदा रत्नागिरी जिल्ह्याने पुढे कितीतरी वर्षे केला. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, कारण त्या मनिऑर्डरींवर गावेच्या गावे जगली. पण संधी ओळखण्याचा तो सर्वांत महाग प्रकार होता, हेही म्हणायला हवे. घरातले कर्ते माणूसच त्यात खर्ची पडते.

आता आपण घाट चढून वर जाऊ. हेळवाक, पाटण, कराड. कराडच्या पुढे हाच रस्ता विट्याकडून विजापूरला जातो, आणि कराडचे रेल्वे स्टेशन गावाबाहेर जिथे आहे तिथे एक वस्ती लागते, ओगलेवाडी. माझ्या विषयाचा गाभा इथे आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या काळी आपल्या घरातला दिवा रॉकेलचा, आणि त्याची काच परदेशची. काचेचा माल बराचसा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि बेल्जियममधून येई. पहिले दोन देश एका रात्रीत शत्रू झाले आणि तिसऱ्यावर शत्रूचे सैन्य जाऊन बसले. दिव्याची काच मिळेनाशी झाली. काच ही वस्तू अशी, की ती फुटतेच. सुनेच्या हातून फुटते, मांजराच्या उडीने फुटते, गरम असताना पाण्याचा थेंब पडला तरी तडकते. म्हणजे मागणी रोजची, आणि पुरवठा बंद.

हे सर्वांनाच दिसत होते. बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक होते की काचा नाहीत. पण ओगले बंधूंपाशी एक गोष्ट तयार होती, ती म्हणजे हे काम इथे करता येते हा भरवसा. तो एकाएकी आलेला नव्हता. माणशी एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना काढला होता. टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात शिकून आलेला तज्ज्ञ त्याला मिळाला होता. त्या कारखान्याने नफा किती मिळवला हा प्रश्न वेगळा. त्याने काच फुंकणारी मराठी मुले तयार केली. भट्टी कशी लावायची, वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण काय धरायचे, तयार झालेली काच हळूहळू थंड केली नाही तर ती कशी आपोआप तडकते, हे ज्ञान या मुलखात आले होते. लढाई आली तेव्हा हात तयार होते.

१९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. जागाही बघण्यासारखी आहे. शेजारी रेल्वे, म्हणजे कोळसा दारात येणार आणि माल दारातून जाणार. आणि आश्रय औंध संस्थानाचा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून लोकांच्या लक्षात राहिले आहेत. पण त्यांच्या छोट्याशा, तुकड्यातुकड्यांच्या संस्थानात दोन कारखाने वाढले, हे मला त्यांच्या चित्रांइतकेच मोलाचे वाटते. दुसरा कारखाना किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारापायी सोडावी लागली. कारखाना उठवायची नोटीस हातात, आणि दुसरी जागा कुठे? औंधकरांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर भांडवलाला कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी बसली. इंग्रजी मुलखात जी परवानगी मागायला कलेक्टरकचेरीचे उंबरे झिजवावे लागत, ती इथे राजाला समक्ष भेटून मिळे. संस्थानी हद्द म्हणजे मागासलेपण अशी आपली एक ठरीव समजूत आहे. या दोघांना त्याच हद्दीत मोकळीक दिसली.

लढाई १९१८ साली संपली. लढाईच्या काळात हिंदुस्थानात ठिकठिकाणी काचेचे कारखाने निघाले होते, आणि पाठोपाठ त्यांतले कितीतरी बुडाले. जपानने मध्यंतरी बाजारात पाय रोवला होता, युरोपचा माल पुन्हा येऊ लागला होता. टंचाईवर उभा राहिलेला धंदा टंचाई संपली की पडतो, यात नवल नाही. ओगलेवाडी का पडली नाही? ते नुसत्या काचेवर थांबले नाहीत, हे मला त्याचे मोठे कारण वाटते. काच कशासाठी लागते? कंदिलासाठी. कंदील कुठला? अमेरिकेचा डीट्झ किंवा जर्मनीचा. मग कंदीलच का करू नये? पत्र्याची टाकी, वात वरखाली करायची चावी, काचेभोवतीची तार, हातात धरायची कडी, सगळे इथेच. असा 'प्रभाकर' कंदील निघाला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचे नावही तेच. स्वदेशीच्या दिवसांत घरात प्रभाकर कंदील असणे ही एक निशाणीच झाली. रात्री गोठ्यात जाताना, भजनाला जाताना, बाळंतिणीच्या खोलीत, एस्. टी. च्या थांब्यावर पाहुण्यांना आणायला जाताना तो बरोबर असे. कोकणातल्या कित्येक घरांच्या माळ्यावर तो अजून सापडेल. काच बहुधा नसेल.

सरकारी धोरणाचा एक किस्सा इथे सांगितलाच पाहिजे. १९२३ पासून सरकारने निवडक देशी उद्योगांना आयातकराचे संरक्षण देण्याचे धोरण धरले आणि त्यासाठी टॅरिफ बोर्ड नेमले. पोलादाला संरक्षण मिळाले. काचेच्या धंद्याचीही चौकशी झाली आणि बोर्डाने १९३२ साली संरक्षणाची शिफारस केली. सरकारने तीन वर्षे विचार करून १९३५ साली ती नाकारली. कारण काय? तर काचेला लागणारा सोडा या देशात पुरेसा होत नाही! म्हणजे सोडा नाही म्हणून काचेला आधार नाही, आणि काचेचे कारखाने वाढले नाहीत तर सोड्याला गिऱ्हाईक नाही. सोड्यावरच्या आयातकरात तेवढी सूट मिळाली. ओगलेवाडीसारख्या कारखान्याला अशा सुटीवर हिशेब बसवून चालावे लागले. यात गंमत अशी, की नकाराचे हे कारण जाहीर झाले तेव्हाच सोड्याचा कारखाना काढणाऱ्याला सरकारने आपण होऊन बाजार कुठे आहे ते लिहून दिले होते. टाटांनी १९३९ साली मिठापूरचे काम हाती घेतले. सरकारी नकार कसा वाचावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुन्हा घाटाखाली, पोफळीला. कोयनेच्या पाण्यावर वीज करता येईल ही कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी तिची पाहणीही केली होती, पण पैशाच्या मंदीत ती मागे पडली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा वीजपुरवठ्याचा कायदा आला. वीज हा काही शहरांपुरता खाजगी कंपन्यांचा धंदा न राहता राज्याच्या मंडळांकडे यावी, असा त्याचा रोख होता. १९५४ साली कोयनेचे काम सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीचे पहिले जनित्र फिरले.

त्या आठ वर्षांत पोफळी हे गाव ओळखू येईनासे झाले. वसाहत आली, कँटीन आले, किराणा आला, शिंपी आला, सायकली भाड्याने मिळू लागल्या. गावातल्या काहींनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. पण बांधकामाचा पैसा हा पावसाळी ओढ्यासारखा. काम संपले, माणसे उठली, आणि ज्यांनी ही बाजारपेठ कायमची समजून माल भरला होता, ते माल धरून बसले. हे पुढच्या टप्प्यांच्या वेळीही घडले. १९९९ च्या सुमारास चौथा टप्पा पुरा झाला तोपर्यंत लोक शहाणे झाले होते, निदान काही जण. आणि धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या वाट्याला या साऱ्या बदलातून संधी किती आणि वनवास किती आला, हा हिशेब दुकानाच्या वहीत बसत नाही.

पोफळीची वीज उंच तारांवरून मुंबईकडे गेली, तशी हळूहळू कृष्णाकाठच्या खेड्यांतही पोचली. आणि आता त्या दोन कारखान्यांकडे पाहा. दोघेही औंधच्या आश्रयाने वाढलेले, दोघेही स्वदेशीच्या मुशीतले. किर्लोस्करांनी लोखंडी नांगरापासून सुरुवात केली होती. पहिले नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. नंतर १९२६ च्या सुमारास ते पंप करू लागले होते. गावात वीज आली तशी नदीकाठी मोटार आणि पंप बसू लागले. सहकारी साखर कारखान्यांना परवाने देण्यात केंद्र सरकार झुकते माप देत होते, राज्याने १९६० साली सहकाराचा नवा कायदा केला, आणि कराड-सांगलीकडे ऊस पसरला. ऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पंप. किर्लोस्करांच्या दृष्टीने पोफळीची तार म्हणजे गिऱ्हाईक घेऊन येणारी वाट होती. ओगल्यांच्या दृष्टीने तीच तार म्हणजे प्रतिस्पर्धी. ज्या खेड्यात खांब उभा राहिला, तिथे कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला.

ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला. एकट्या विजेने तो बंद पाडला असे मी म्हणणार नाही. कोणताही कारखाना एका कारणाने बंद पडत नाही. परंतु मला या गोष्टीत हुरहूर लागते ती अशी: काच मिळत नाही हे ज्यांनी पाहिले, काचेवरून कंदिलापर्यंत जे गेले, त्यांनाच पुढचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. लोकांना काच नको होती आणि कंदीलही नको होता. त्यांना उजेड हवा होता. उजेडाची रीत बदलली आणि चाळीसएक वर्षांचे कौशल्य माळ्यावर गेले. किर्लोस्कर अधिक हुशार होते, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या मालाचा आणि तारेचा मेळ बसला. यात दूरदृष्टी किती आणि नशीब किती, हे मला आजवर सांगता आलेले नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याविषयी मी जरा सावध असतो.

घाटाखालच्या कोकणाला यातून काय मिळाले? १९६४ पासून राज्य सरकारने मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेणाऱ्यांना सवलती दिल्या. पुढे लोटे-परशुरामला रसायनांचे कारखाने आले. नोकऱ्या आल्या, आणि त्यांच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारीही आल्या. त्या अनेक वर्षे चालल्या. एकाच्या सवलतीची किंमत दुसऱ्याच्या जाळ्यातून वसूल झाली.

माझ्या मते कोकणाने खरी संधी ओळखली ती शांतपणे, गाजावाजा न होता, आणि तीही दोन कायद्यांच्या मधल्या जागेत. १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कुळांना जमिनीची मालकी मिळण्याची सोय झाली. नाचणी दुसऱ्याच्या जमिनीत पेरता येते, चार महिन्यांत ती घरात येते. आंबा-काजूचे झाड दुसऱ्याच्या जमिनीत कोण लावील? त्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. मालकी आली म्हणून झाड लावण्याचा विचार तरी करता आला. मग १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लावण्याची योजना आली. आपल्याच वरकस जमिनीत खड्डे खणायचे, आपणच कलमे लावायची, आणि मजुरी सरकारने द्यायची. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातली काजूची कलमे तोवर तयार होती. तळेगावची भट्टी ओगल्यांच्या आधी पेटलेली होती, तसेच हे. ज्या कातळाला कुणी विचारत नव्हते, तिथे खड्डे पडले. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. आगगाडीने शंभर वर्षांपूर्वी चिपळूणचा व्यापार पळवला होता, ती आता चिपळूणलाच थांबू लागली.

एक संधी मात्र पोफळीच्या दारातून रोज वाहून जाते. कृष्णेच्या पाण्याच्या तंट्यात बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वळवण्याची मुभा दिली. हे वर्ष १ जूनला सुरू होते, आणि मे महिना आला की कोटा किती उरला याचा हिशेब वर्तमानपत्रांत येतो. जनित्रे फिरवून झालेले हे पाणी वाशिष्ठीत उतरते. ते मुंबईपर्यंत न्यावे, कोकणातच अडवावे, अशा योजना वेळोवेळी निघाल्या. पोफळी, शिरगाव, खेर्डी, चिपळूण अशी गावे मागे टाकत ते गोवळकोटपाशी खाडीला मिळते. मिठाची गलबते जिथून वर यायची, त्याच खाडीत ते खारे होते.